झीज पाहण्याचा धर्म

खंडेनवमीच्या सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ बंद असतात. चक आणि पुल्यांवरचं काळं ग्रीस पुसलेलं असतं, फरशीवरचा लोखंडाचा कीस झाडून काढलेला असतो. एरवी कधीच स्वच्छ न दिसणारे पाने, हातोड्या, व्हर्निअर पाटावर ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला झेंडूचा हार. हा सण मला मनापासून आवडतो. अवजारापुढे हात जोडणारा माणूस एक मोठी गोष्ट कबूल करत असतो: माझं पोट माझ्या एकट्याच्या कर्तृत्वावर भरत नाही. पण त्याच नमस्कारातून एक प्रश्न उभा राहतो. ज्याने वर्षभर आपल्यासाठी झीज सोसली, त्याला एक दिवस हार घातला की ऋण फिटतं का?

या प्रश्नाशी मी दोन वाटांनी आले. आमच्या आप्पांचं उद्यमनगरात टर्निंगचं छोटं वर्कशॉप होतं आणि शाळा सुटली की मी तिथेच असायची. पुढे मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात धर्म, ऋण, कर्तव्य हे शब्द यायचे, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आप्पांचे काळे हात असायचे. निवृत्तीनंतर मी माझी जुनी मारुती ८०० स्वतःच सांभाळते. या मॉडेलचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण तिचे भाग अजून सहज मिळतात. दरवर्षी नवरात्रात मी तिचं बॉनेट उघडून पट्टा तपासते. यंदा तो बदलायचा ठरला. भाचा मदतीला आला होता. त्याने पट्टा हातभर अंतरावरून पाहिला आणि म्हणाला, “आत्या, अजून तुटला नाहीये की. मग कशाला बदलायचा?”

त्याचा प्रश्न साधा होता, पण आपल्या सगळ्या समाजव्यवस्थेचं तत्त्वज्ञान त्यात आलं होतं, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी हा पट्टा काय करतो ते सांगते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून निघालेला रबरी पट्टा अल्टरनेटरची आणि पाण्याच्या पंपाची पुली फिरवतो. अल्टरनेटर वीज तयार करून बॅटरी भरत राहतो, पंप इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे ढकलतो. उद्यमनगरात याला फॅन बेल्ट म्हणतात. माझ्या गाडीत पंखा विजेच्या मोटरवर फिरतो, तरी नाव तेच चालू आहे. पट्ट्याच्या आत धाग्यांच्या दोऱ्या असतात, त्या ओढ सोसतात. बाहेरचं रबर पकड देतं. पट्ट्याचा छेद खाली निमुळता असतो, त्यामुळे ताण दिला की तो पुलीच्या खाचेत रुतून बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजू धातूला घट्ट धरतात. या घर्षणावर सगळा व्यवहार चालतो. घर्षण नसेल तर इंजिन फिरत राहील आणि पंप जागचा हलणार नाही.

तेच घर्षण पट्ट्याला झिजवतं. काम आणि झीज यांचं मूळ एकच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. झीज हा कामात शिरलेला दोष असता, तर चांगली व्यवस्था करून तो टाळता आला असता. पण पकडल्याशिवाय शक्ती पुढे जात नाही आणि पकडलं की थोडंथोडं कमी होणं आलंच.

मग पकडूच नये का? आपल्या परंपरेतल्या एका मोठ्या प्रवाहाने असंच सुचवलं आहे: कर्म सोडा, संसार सोडा, घर्षण सोडा. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं ते या सूचनेला उत्तर म्हणून. १९१५ साली छापून आलेल्या त्या ग्रंथाचं म्हणणं असं की ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही; लोकसंग्रहासाठी ते करत राहायचं असतं. मला ते पटतं, आणि पट्ट्याकडे पाहून आणखी पटतं. दुकानात खोक्यात पडून राहिलेला पट्टाही म्हातारा होतो. हवेतला प्राणवायू, ओझोन, उष्णता रबराला हळूहळू कडक करत नेतात. पुलीला कधी न शिवलेला पट्टाही कायम नवा राहत नाही. झिजायचं की नाही ही निवड आपल्या हातात फारशी नाहीच. कशासाठी झिजायचं आणि त्या झिजेकडे कोण पाहणार, हे दोनच प्रश्न उरतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठी मनाला लहानपणापासून पाठ आहे. समर्थांच्या मनाच्या श्लोकांमुळे चंदनाचा आदर्श घराघरांत पोचला. दुसऱ्यासाठी झिजावं आणि मागे सुगंध राहावा. हा आदर्श थोर आहे, त्यातला एक कणही मला कमी करायचा नाही. पण समर्थ ते कोणाला सांगत आहेत, हे आपण विसरतो. ते स्वतःच्या मनाला सांगत आहेत. तो साधकाने स्वतःशी केलेला करार आहे. तोच आदर्श आपण दुसऱ्याला लावतो, सत्काराच्या भाषणात, निरोपसमारंभात, श्रद्धांजलीत ‘त्या आयुष्यभर चंदनासारख्या झिजल्या’ म्हणतो, तेव्हा त्याची जात बदलते. स्वतःला सांगितलेला त्याग हे व्रत असतं. दुसऱ्याच्या त्यागाचं नुसतं कौतुक ही आपली सोय असते. चंदन उगाळणाऱ्या हाताचं कर्तव्य काय, हा दुसरा प्रश्न अशा वेळी कोणी विचारत नाही.

आप्पांच्या वर्कशॉपमध्ये मात्र तो रोज विचारला जायचा, यंत्रांच्या बाबतीत.

भाच्याला मी कामाला लावलं. इंजिन थंड होतं. तरीही आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जोडाला बॅटरीची वीज सतत असते आणि तिथे पाना टेकला तर ठिणगी उडते. मग अल्टरनेटरचा वरचा, लांबट खाचेतला बोल्ट ढिला केला, खालचे थोडे सैल केले, आणि अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला. ताण गेला. पट्टा पुल्यांवरून निघून हातात आला. काढलेला पट्टा आतली बाजू बाहेर येईल असा वाकवायचा. सरळ असताना न दिसणाऱ्या चिरा तेव्हा उघडतात. भाच्याने त्या पाहिल्या. मग बाजूंची चकाकी त्याला दाखवली. नव्या माणसाला ती चकाकी चांगली वाटते, पट्टा गुळगुळीत आणि नीटनेटका दिसतो. खरं तर पट्टा घसरत होता, घसरून तापत होता, तापून रबर कडक झालं होतं, म्हणून तो चमकत होता.

यानंतरची पायरी घाईत सगळे गाळतात. जुना पट्टा निघाला आणि नवा चढायचा आहे, एवढ्या मधल्या वेळेत प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहायची. खरखर येते का, पुली डुगडुगते का, पंपाखाली पाण्याचा ओघळ आहे का, कुठून तेल उडतंय का. बेअरिंग जड झालं असेल, पुल्या एका रेषेत नसतील, रबरावर तेल पडत असेल, तर नवा पट्टाही लवकर जाणार. आप्पा म्हणायचे, “पट्टा गेला म्हणून पट्ट्याला शिव्या देऊ नयेत. कुणी खाल्ला ते बघावं.”

आणि आवाज. सैल किंवा चकाकलेला पट्टा थंडीत, पावसात, गाडी सुरू होताना किंचाळतो. त्यावर उपाय म्हणून कोणी साबण घासतं, कोणी पावडर टाकतं, बाजारात फवारेही मिळतात. थोडा वेळ आवाज थांबतो. घसरणं थांबत नाही, उलट चिकट थरावर धूळ बसून पट्टा आणखी बिघडतो. आप्पांच्या वर्कशॉपमध्ये या प्रकाराला बंदी होती. “आवाज बंद करू नकोस, आवाज कशानं येतोय ते शोध,” हे त्यांचं वाक्य मी पुढे नीतिशास्त्राच्या वर्गात कितीदा तरी वापरलं. तक्रार करणाऱ्याला गप्प करण्याची साधनं प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत असतात: गोड शब्द, एखादी साडी, भिंतीवर लावायचं प्रशस्तिपत्र. कारण शोधण्याचं काम अवघड असतं, आणि ते शोधताना अनेकदा स्वतःकडेच बोट वळतं.

नव्या गाड्यांत तर प्रश्न आणखी बारीक झाला आहे. त्यांच्या रुंद, रेघांच्या पट्ट्यांना आता ईपीडीएम जातीचं रबर वापरतात. जुन्या निओप्रीनच्या पट्ट्याला वय झालं की चिरा पडायच्या, डोळ्यांना दिसायच्या. या नव्या रबराला चिरा जवळजवळ पडतच नाहीत. रेघांमधलं रबर नकळत कमी होतं, खाचा रुंद होतात, पकड सुटू लागते, आणि वरून पाहणाऱ्याला पट्टा ठणठणीत वाटतो. तो तपासायला खाचेत बसणारं माप लावावं लागतं. जो कुरकुरत नाही, ज्याच्यावर भेग दिसत नाही, त्याच्याकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं, हे या रबराने मेकॅनिक लोकांना शिकवलं. माणसांच्या बाबतीत ते आपण शिकलेलो नाही.

आमच्याच घरातलं सांगते. आप्पा बंद दाराबाहेरून ऐकून कोणत्या लेथचं बेअरिंग जाणार आहे ते सांगत. त्याच माणसाला आईची पाठ दुखते हे ती उठू शकेनाशी झाली तेव्हा कळलं. ते निष्ठुर नव्हते. आईवर त्यांचा जीव होता. दिवाळीत पाडव्याला ओवाळणीत त्यांनी कधी कसूर केली नाही. पण पाहण्याचं कौशल्य त्यांनी वर्कशॉपमध्ये ठेवलेलं होतं, घरी येताना ते सोबत येत नसे. आणि आई बोलली नाही, कारण न बोलता झिजणं हीच तिला शिकवलेली प्रतिष्ठा होती. यातून मी एक गोष्ट शिकले, जी पुस्तकांत मला इतकी स्पष्ट कधी भेटली नव्हती. कसं पाहायचं हे कळणं म्हणजे ज्ञान. कुठे पाहायचं हे ठरवणं म्हणजे धर्म. पहिलं असूनही दुसरं नसू शकतं.

परंपरेत या दुसऱ्या गोष्टीचा विचार झालेलाच नाही, असं मी म्हणणार नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणं घेऊन जन्मतो असं म्हटलं आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत माणसांचं चौथं ऋण जोडलं. घेणाऱ्याच्या बाजूने नीतीचा विचार करायला हा पाया भक्कम आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर देहाला छळणाऱ्या घोर तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे. स्वतःला कसंही झिजवणं म्हणजे धर्म, असं गीताही म्हणत नाही.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते दीघ निकायातलं सिगालोवाद सुत्त. राजगृहाजवळ एक गृहस्थपुत्र पहाटे स्नान करून, ओल्या वस्त्रांनी, वडिलांनी सांगितलं म्हणून सहा दिशांना नमस्कार करत असतो. बुद्ध त्याची थट्टा करत नाहीत. ते त्याला त्या दिशा कोण आहेत ते सांगतात. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुलं, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसं. प्रत्येक दिशेचं पूजन म्हणजे त्या माणसांप्रती कर्तव्य. खालच्या दिशेसाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत: शक्ती पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात आलेला चांगला घास वाटून खावा, आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना मला वर्कशॉप आठवतं. शक्ती पाहून काम म्हणजे ताणाचं माप. सुट्टी म्हणजे ताण उतरवणं. नमस्कार चालू राहतो, पण आता तो कोणाला आणि कशाने करायचा हे कळलेलं असतं.

हा विचार आपल्या मातीत दगडावरही कोरला गेला होता. मुंबईजवळ सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. नवव्या लेखाचा विषय मंगलविधी हा आहे. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, ते करावेत, पण त्यांचं फळ थोडं. मोठं फळ देणारा विधी म्हणजे धर्ममंगल, असं राजा म्हणतो. त्या धर्ममंगलात दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं ही बाब तो आवर्जून घालतो. सोपारा हे तेव्हाचं गजबजलेलं बंदर. हमाल, खलाशी, गोदामांत राबणारे जिथे होते, तिथे हे वाक्य दगडात उभं होतं.

आता मी राहते त्या भागाकडे येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या साखर कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मोळीपूजन होतं, पूजलेली पहिली मोळी गव्हाणीत पडते. हंगामाची ही सुरुवात मंगल आहेच. त्याच दिवसांत बीडकडून ऊसतोड टोळ्या येऊन फडाजवळ पालं टाकतात. एक दिवस कामावर जाता आलं नाही तर खाडा म्हणून त्यांचे पैसे कापले जातात, आणि उचल आधीच घेतलेली असल्यामुळे थांबण्याची सोय नसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. कामात खंड पडू नये म्हणून शरीरातला अवयव काढण्यापर्यंत गोष्ट जाते, तेव्हा ‘अजून तुटला नाहीये की’ या विचाराचं टोक गाठलेलं असतं. साखर माझ्या चहात आहे. म्हणून ही झीज पाहणं माझं कर्तव्य आहे, आणि मोळीसमोर हात जोडणाऱ्या प्रत्येकाचं आहे.

भाच्याला मी यंत्रापुरतं उत्तर दिलं ते असं. पट्टा तुटेपर्यंत थांबलं तर तो बहुधा घाटात, उन्हात, इंजिनावर भार असताना तुटतो, कारण तेव्हाच ताण सर्वांत जास्त असतो. बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाणी फिरायचं थांबतं, इंजिन तापतं. वेळीच बंद केलं नाही तर हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं. स्वस्त भागाची झीज न पाहिल्याची किंमत महागडा भाग मोजतो. मग आम्ही जुन्यावरचा क्रमांक जुळवून आणलेला नवा पट्टा चढवला. तो स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवायचा नसतो, आतल्या दोऱ्या दुखावतात आणि बाहेरून काही दिसत नाही. अल्टरनेटर पूर्ण आत ढकलला की पट्टा हातानेच बसतो. मग टॉमीने अल्टरनेटर बाहेर ओढून ताण दिला, बोल्ट आवळले, आणि दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबून पाहिलं. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. काही मिलिमीटरचाच खेळ असतो. सैल ठेवला तर घसरतो. जास्त आवळला तर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग मरतं. गाडी थोडी चालली की ताण पुन्हा तपासायचा, कारण नवा पट्टा खाचेत बसताना किंचित सैल पडतो. एकदा ठरवून दिलेलं माप कायमचं पुरत नाही.

इथपर्यंत यंत्र आणि माणूस सोबत चालतात. पुढे त्यांची वाट वेगळी होते, आणि ती वेगळी आहे हे ठासून सांगितलं नाही तर माझं सगळं म्हणणं उलटं वापरलं जाईल. झिजलेला पट्टा काढून टाकतात, त्याच्या जागी दुसरा घालतात, आणि त्यात पट्ट्यावर काही अन्याय होत नाही. झिजलेल्या माणसाच्या जागी दुसरा आणणं म्हणजे पुली न तपासता नवा पट्टा चढवणं. शिवाय जुन्या माणसाचं आयुष्य अजून बाकी असतं. पट्टा पुलीसाठी बनवलेला असतो. कोणताही माणूस दुसऱ्याच्या कामासाठी बनलेला नसतो. यंत्रात झिजलेला भाग बदलायचा असतो. माणसांच्या जगात झिजवणारी मांडणी बदलायची असते. कामाचे तास, खाड्याचा दंड, घरातली वाटणी, म्हाताऱ्या हातांवर टाकलेला स्वयंपाक, हे सगळं माणसांनी जुळवलेलं आहे, त्यामुळे ते सैल करणंही माणसांच्याच हातात आहे.

ऋण फिटतं का, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे. ते फिटत नाही आणि फिटावं अशी अपेक्षाही नसावी, कारण आपण जगतो तोवर कोणी ना कोणी आपल्यासाठी झिजत असणार. पण ते मान्य केल्यावर तीन गोष्टी अटळ होतात. ज्याच्या कष्टावर आपण जगतो त्याची झीज आपल्याला नावानिशी ठाऊक असली पाहिजे. त्याच्या तोंडून आवाज निघाला तर तो दाबण्याआधी कारण शोधलं पाहिजे, आणि आवाज निघत नसेल तर स्वतःहून विचारलं पाहिजे. आणि ताण उतरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, मग तो घरातला कर्ता असो, मुकादम असो की सरकार, त्याने तो तुटण्याच्या आधी उतरवला पाहिजे. एवढं केल्यावरच पूजेचा हात जोडण्याचा हक्क आपल्याला मिळतो, असं मला वाटतं.